पंखा तासभर चालला की वरची मोटर गरम का होते? ती वीज वायाच जाते का?

हो वायाच जाते, आणि थोडीथोडकी नाही. साधा सीलिंग फॅन साधारण 75 वॅट खातो, त्यातली निम्मीसुद्धा वीज पात्यांपर्यंत पोचत नाही, बाकीची तांब्याच्या वाइंडिंगमध्ये, लोखंडी पत्र्यांत आणि रोटरमध्ये (मोटरचा फिरणारा भाग) उष्णता होऊन जाते, बेअरिंगचं घर्षण त्यामानाने किरकोळ. त्यात जुना डबड्यासारखा रेग्युलेटर असेल तर बघायलाच नको, स्पीड 1 वर ठेवला की उरलेलं व्होल्टेज तो स्वतःच्या रेझिस्टन्सवर घेतो आणि तापतो, म्हणजे वारा कमी झाला तरी बिल त्या मानाने कमी होत नाही. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर त्यापेक्षा खूपच बरा.

बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरच्या) पंख्याच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असतात, साध्या पंख्यासारखी तिथे करंट तयार करण्यात वीज जात नाही, म्हणून तेवढ्याच वाऱ्याला 30 वॅटच्या आसपास भागतं. रोज 12 तास धरा, 0.9 युनिट विरुद्ध 0.36. महाग आहे पण दिवसभर चालणाऱ्या खोलीत मी तोच घेईन.

आणि हो, तो वारासुद्धा शेवटी हवेत आणि भिंतींना घासून उष्णताच होतो, त्यामुळे बंद रिकाम्या खोलीत पंखा चालू राहिला तर खोली गार होत नाही, उलट किंचित तापते. आपल्याला गार वाटतं ते घाम वाळतो म्हणून.