घर बदलताय, मग चिमण्यांचं काय?

चिमण्यांना रोज घालता ती बाजरी एकदम बंद करू नका. शेवटचे 15 दिवस रोज थोडी कमी करत जा. पाखरं काही आपल्याच जिवावर जगत नाहीत, पण सवय मोडायला वेळ लागतो. हलवाहलव एप्रिल-मेमध्ये असेल तर शेजारच्या काकूंना निदान पाण्याचं पसरट भांडं भरायला सांगून ठेवा.

नव्या घरी आधी पाणीच ठेवा, दाणे नंतर. मी हौसेने पहिल्याच दिवशी तांदळाची कणी पसरली; चिमणी एक नाही, आठवड्यात पारव्यांनी कठडा पांढरा केला. शिवाय खालच्या मजल्यावरच्या वहिनींची बोलणी! बुलबुलाला पपईची फोड पुरते, ती मात्र संध्याकाळी उचला, नाहीतर मुंग्या. जुनं मातीचं भांडं काथ्याने खरवडून, कडक उन्हात वाळवूनच न्या.