'या' पदार्थाचं नाव हेडलाइनमध्ये का नसतं?

प्रश्न: माझे मिस्टर ४७ वर्षांचे आहेत, शुगर आहे. मोबाइलवर सारखं येतं, 'पन्नाशीतही विशीचा जोश, दुधात टाका फक्त 'ही' गोष्ट, डॉक्टरही थक्क!' तसलं वाचून त्यांनी लिंकवरून हर्बल कॅप्सूल मागवल्यात. बोललं की चिडतात. यातलं खरं-खोटं ओळखायचं कसं?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, आधी त्या कॅप्सूल थांबवा, हेडलाइनचं नंतर बघू. हर्बल म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा गोळ्यांत लेबलवर न लिहिता सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलंच औषध, मिसळलेलं कितीतरी वेळा सापडलंय, आणि छातीत दुखतं म्हणून कोणी सॉर्बिट्रेटसारखी गोळी घेत असेल तर दोन्ही मिळून बीपी एकदम खाली जाऊन जिवावर बेतू शकतं. शुगरवाल्यांना हार्टचा त्रास जास्त होतो, म्हणून मला जास्त काळजी वाटतेय.

आता हेडलाइन. नाव आधीच सांगितलं तर तुम्ही क्लिक कशाला कराल, आणि पैसे तर क्लिकवरच मिळतात, म्हणून 'ही', 'हा', 'या'. आत गेलं की खजूर नाहीतर अश्वगंधा. 'संशोधन सांगतं' असं असेल तर कोणाचं, किती जणांवर, माणसांवर की उंदरांवर, हे शोधा, बहुतेक वेळा सापडतच नाही. 'धोका दुप्पट' म्हटलं तर कशाच्या दुप्पट? हजारात एकाचे दोन झाले तरी दुप्पटच की. आणि खाली तीच वस्तू विकायला असेल तर ती बातमी नाही, जाहिरात आहे. लैंगिक ताकद वाढवतो असं सांगून औषधाची जाहिरात करायला आपल्याकडे १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे, तरी बिनधास्त चालतं कारण लाजेपोटी कोणी तक्रार करत नाही, याचा खरंच संताप येतो. संततिनियमनाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकामध्ये हेच विषय सरळ नाव घेऊन लिहीत होते, त्यासाठी खटले सोसले, आणि आपण अजून 'या'वर क्लिक करतोय.

मिस्टरांना हेडलाइन खोटी आहे हे पटवत बसू नका, त्यांना लाज वाटत असणार. शुगरने नसा आणि रक्तवाहिन्या खराब होतात, त्यामुळे ताठरता कमी होणं खूप कॉमन आहे, कधी कधी ती हार्टच्या त्रासाची आधीची खूणही असते आणि त्यावर नीट उपचार आहेत. शुगरच्या पुढच्या व्हिजिटला सोबत जा, कॅप्सूलची डबी न्या, चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा. त्यांना तोंडाने सांगायला जड जात असेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, डॉक्टरांना त्यात नवीन काही नसतं.