मीटिंगला कुणी ओळखीचं भेटलं तर?

दारू सोडायचीये म्हणून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला मी ए.ए.च्या म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडू पाहणारे एकमेकांना आधार देतात तो ग्रुप) मीटिंगला जायला सुचवते, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर? हे इतक्यांदा ऐकलंय की आता लिहूनच टाकते. ज्यांची गोष्ट सांगतेय ते ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदललेत.

पंचेचाळिशीचे गृहस्थ, चांगली नोकरी. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू बंद केलेली. (रोज भरपूर पिणाऱ्याने आपल्या मनाने एकदम बंद करू नये हे आधीच सांगते, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेतू शकतं, त्यामुळे आधी डॉक्टर.) तब्येत सावरली होती, पण मीटिंगचा विषय काढला की काहीतरी निघायचंच. कधी ऑफिसचं काम, कधी पत्ताच सापडला नाही, कधी "मॅडम, तिथे देवाधर्माचं असतं म्हणे." प्रत्येक कारणाला उत्तर देत बसले असते तर अजून तेच चाललं असतं. कारणं रोज बदलत असली की मागची भीती एकच असते, असा माझा अनुभव आहे.

एक दिवस मी विचारलं, "तुम्ही पिता हे कुणाला माहीत नाहीये?"

ते आठवायला लागले. बायको, मुलं, भाऊ, शेजारी, साहेब... शेवटी म्हणाले, "तसं सगळ्यांनाच माहितीये."

"मग मीटिंगमध्ये ओळखीच्या माणसाला नवीन काय कळणार?"

बराच वेळ गप्प. मीही गप्प राहिले, अशा वेळी आपण बोलायची घाई केली की वर येत असलेलं परत खाली जातं. मग हळूच म्हणाले, "हेच, की मला सोडायचीये. आणि जमत नाहीये."

तिथून सगळं फिरलं. पितो हे त्यांनी कधी लपवलंच नव्हतं, लपवली होती ती सोडायची इच्छा. कारण इच्छा बोलून दाखवली आणि परत प्यायलो तर लोक म्हणणार, बघा, सांगितलं नव्हतं? त्यापेक्षा आपल्याला काही पडलेलीच नाही असं दाखवणं सोपं. व्यसनाचा विषय निघाला की सगळे इच्छाशक्तीबद्दल बोलतात, पण इतकी वर्षं काम करून माझं मत पक्कं झालंय की माणसाला अडवते ती लाज, आणि एकट्याने कितीही विचार केला तरी ती जात नाही, आपल्यासारख्याच दुसऱ्या माणसासमोर बसल्यावरच सैल होते.

मग मी त्यांना सांगितलं, ए.ए.मध्ये यायला एकच अट आहे, दारू सोडायची इच्छा. सोडलेली असायला हवी असं नाही. ते बघतच राहिले. "म्हणजे मी जे लपवतोय तेच तिथे लागतं?"

या ग्रुपची सुरुवातसुद्धा अशीच झालीये. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात बिल डब्ल्यू. नावाचा माणूस काही महिन्यांपासूनच दारू सोडून होता, धंद्याचं काम फिसकटलं, पुन्हा प्यावंसं वाटायला लागलं म्हणून त्याने बोलायला दुसरा दारू पिणारा शोधला. ते भेटले डॉ. बॉब, स्वतः सर्जन. आणि या भेटीनंतरही डॉ. बॉब पुन्हा प्यायलेच! मग 10 जूनला त्यांनी शेवटची घेतली, तोच दिवस ए.ए.चा स्थापना दिवस धरतात.

आता जायचं कसं. ए.ए.च्या वेबसाइटवर किंवा हेल्पलाइनवर जवळच्या मीटिंगची वेळ मिळते, व्यसनमुक्ती केंद्रातही सांगतात, ऑनलाइन मीटिंगही असतात. ओपन मीटिंगला कुणीही बसू शकतं, घरच्यांना घेऊन गेलात तरी चालतं, क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना दारू सोडायचीये त्यांच्यासाठी. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. कुणाला तिथे पाहिलं हे बाहेर बोलायचं नाही ही रीत आहे, आणि ती मनापासून पाळणारेच जास्त. बोलायची वेळ आली तर "आज नुसतं ऐकतो" म्हणा, कुणी आग्रह करणार नाही. थोडं लवकर जा आणि संपल्यावर लगेच पळू नका, खऱ्या गप्पा तेव्हाच होतात. एक मीटिंग आवडली नाही म्हणून सगळंच सोडू नका, प्रत्येक ग्रुपचा स्वभाव वेगळा असतो. देवाबद्दल म्हणाल तर "आम्हाला जसा समजला तसा" एवढंच म्हटलंय, तरीही नकोच वाटलं तर स्मार्ट रिकव्हरीसारखे देवाचा विषय नसलेले ग्रुप आहेत.

हे गृहस्थ गेले, सुरुवातीला मागच्या खुर्चीवर नुसते बसायचे. मधे एकदा प्यायलेही. पण दुसऱ्याच दिवशी मीटिंगला जाऊन त्यांनी ते सांगितलं, आणि मला ही त्यांची सगळ्यात मोठी कमाई वाटते, कारण पूर्वी अशा वेळी ते आठवडेच्या आठवडे गायब व्हायचे.

घरच्यांना एक सांगते. तुमच्यासाठी अल-अनॉन आहे, 1951 पासून चालू असलेली वेगळी संघटना. तिथे जायला तुमच्या माणसाने दारू सोडलेली असायची किंवा त्याची परवानगी घ्यायची गरज नाही, तो अजून पीत असला तरी तुम्ही जाऊ शकता.