दहापट पैसे जमले म्हणजे धोका कमी झाला का?

तुम्ही विचारलंत की किकस्टार्टरवर, म्हणजे वस्तू बनण्याआधीच लोकांकडून पैसे गोळा करणाऱ्या वेबसाइटवर, एका छोट्या ड्रोनसाठी मागितले त्याच्या दहापट पैसे जमलेत, व्हिडिओही जोरदार आहे, मग आता पैसे लावायला काय हरकत आहे? मला हरकत वाटते, आणि ती नेमकी त्या दहापटीमुळेच.

टेबलावर एक नमुना चालवून दाखवणं वेगळं आणि तसे दहा हजार नग काढणं वेगळं. नमुना हाताने घासून, जुळवून बसवता येतो. हजारो नगांना प्लास्टिकचे भाग ओतायचे साचे लागतात, त्यांचे पैसे आधी मोजावे लागतात, आणि साच्यातून पहिल्यांदा निघालेला भाग क्वचितच नीट बसतो. मी एका सेन्सरवाल्या दिव्याला पैसे दिले होते. आठव्या महिन्यात त्यांनी पहिल्या भागांचे फोटो टाकले. झाकण आणि डबीमध्ये नखभर फट होती, आणि आतून जिथे स्क्रूचे खांब होते तिथे बाहेरून प्लास्टिक खोलगट झालं होतं. साचा दुरुस्त करायला सहा आठवडे गेले, मग आणखी सहा. तोवर ठरलेली चिप मिळेनाशी झाली, म्हणून सर्किट बोर्ड नव्याने करावा लागला. दर आठवड्याला येणारे अपडेट महिन्यावर गेले आणि शेवटी थांबले. त्या मुलांनी फसवलं असं मला आजही वाटत नाही. त्यांचे पैसे संपले.

आता दहापटीकडे येतो. नगाची किंमत चुकून कमी लावली असेल, तर जितके जास्त लोक पैसे देतील तितका खड्डा मोठा होतो. 'कूलेस्ट कूलर' या सहलीला न्यायच्या थंडपेटीला २०१४ मध्ये ६२ हजारांवर लोकांनी १ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त दिले. एक नग बनवायचा खर्च सुरुवातीच्या लोकांकडून घेतलेल्या पैशांपेक्षा जास्त निघाला. मग रोख उभी करायला कंपनीने तोच कूलर ॲमेझॉनवर चढ्या भावाने विकला, आणि आधी पैसे दिलेले लोक वाट बघत राहिले. २०१९ च्या डिसेंबरात कंपनी बंद पडली तेव्हा सुमारे २० हजार जणांना काहीच मिळालेलं नव्हतं.

तुमच्या ड्रोनला सगळ्यात जवळचं उदाहरण 'झॅनो' या छोट्या ड्रोनचं. ब्रिटनमधल्या वेल्सच्या कंपनीने सव्वा लाख पौंड मागितले, जमले २३ लाख. २०१५ च्या नोव्हेंबरात कंपनी बुडाली, आणि १२ हजारांवर लोकांपैकी मोजक्यांनाच ड्रोन मिळालं. हवेत स्वतःहून स्थिर राहणं, अडथळा चुकवणं, मालकाच्या मागे उडणं हे सगळं तळहाताएवढ्या यंत्रात बसवायचं वचन होतं. तुमच्या प्रकल्पाची यादीही अशीच लांब असेल तर सावध व्हा.

सगळेच बुडतात असं मात्र नाही. अमेरिकेतल्या व्हार्टन या बिझनेस स्कूलचे प्राध्यापक इथन मॉलिक यांच्या २०१५ च्या पाहणीत किकस्टार्टरवर पैसे मिळालेले साधारण ९ टक्के प्रकल्प वस्तू देऊ शकले नव्हते. उशीर मात्र गृहीतच धरा. 'पेबल' घड्याळ सप्टेंबर २०१२ ला द्यायचं होतं, ते जानेवारी २०१३ पासून निघालं, आणि ती तर नावाजलेली यशोगाथा.

पैसे परत मिळण्याची हमी किकस्टार्टर देत नाही, ती जबाबदारी बनवणाऱ्याची. आणि प्रकल्प भरभराटीला आला तरी आपल्याला हिस्सा नसतो. डोळ्यांवर लावायचा व्हीआर हेडसेट बनवणाऱ्या 'ऑक्युलस'ला २०१२ मध्ये लोकांनी २४ लाख डॉलर दिले. २०१४ मध्ये फेसबुकने ती कंपनी सुमारे २०० कोटी डॉलरना घेतली, तेव्हा त्या लोकांना त्यातलं काही मिळालं नाही.

म्हणून आजच त्यांना तीन गोष्टी विचारा. साचे तयार आहेत का? एका नगाचा खर्च किती नगांच्या हिशोबाने काढलाय? न कापलेला, एका दमात घेतलेला उड्डाणाचा व्हिडिओ देता का? उत्तर गोलमोल आलं तर पैसे लावू नका. ड्रोन खरंच बनलं तर नंतर विकत घेता येईल, थोडं महाग पडेल इतकंच.