संग्रहालयशास्त्र न शिकता संग्रहालयात नोकरी लागली, आता प्रशिक्षण कुठून घ्यावं?

इतिहासात एम.ए., तालुक्याच्या गावी एका संस्थेच्या लहान संग्रहालयात नोकरी, हाताखाली कुणी नाही आणि रजा टाकून वर्षभर शिकायला जाणं अशक्य, असं तुम्ही लिहिलंय. माझी सुरुवातही साधारण अशीच झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

पदवीचं थोडक्यात. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पदव्युत्तर पदविका करता येते. पुढे सरकारी अभिरक्षक (क्युरेटर) व्हायचं मनात असेल, तर जुन्या जाहिराती काढून पात्रता काय मागतात ते बघा आणि त्यानुसार ठरवा. पण तोवर तुमच्या ताब्यातल्या वस्तू थांबणार नाहीत.

माझं ठाम मत असं की पहिलं प्रशिक्षण नोंदणीचं घ्या. प्रदर्शन, दालनाची सजावट, शाळांचे उपक्रम हे सगळं नंतर. ॲक्सेशन रजिस्टर, म्हणजे संग्रहात आलेल्या प्रत्येक वस्तूची क्रमांकवार नोंदवही, उघडा आणि एकेक वस्तू त्याच्याशी ताडून पाहा. वस्तू आहे पण नोंद नाही, नोंद आहे पण वस्तू सापडत नाही, एकाच क्रमांकाच्या दोन वस्तू आहेत, हे सगळं तुम्हाला दिसेल. दात्याचं नाव, माप, फोटो, आजची अवस्था आणि नेमकी जागा (कपाट, खण) लिहून ठेवा. वस्तूवर क्रमांक कसा घालतात तेही शिकून घ्या. धातू किंवा मातीच्या वस्तूवर पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर, त्यावर क्रमांक, वर पुन्हा एक थर. म्हणजे गरज पडली तर ॲसिटोनने काढता येतो. कापडाला सुती फितीवर क्रमांक लिहून ती दोन टाक्यांत शिवायची. कागदावर फक्त मऊ पेन्सिल. पुण्याच्या सीडॅक या सरकारी संगणक संस्थेने संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची संगणकप्रणाली केली आहे, पण रजिस्टरच चुकीचं असेल तर त्याच चुका संगणकात जातील.

दुसरं प्रशिक्षण भांडाराचं, म्हणजे प्रदर्शनात नसलेल्या वस्तू ठेवतात त्या खोलीचं. रोमच्या इक्रोम या वारसा-संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने युनेस्कोबरोबर लहान संग्रहालयांसाठी ‘री-ऑर्ग’ नावाची पद्धत तयार केली. माणसं कमी, पैसे कमी, असं गृहीत धरूनच ती आखलेली आहे आणि तिचं साहित्य इंटरनेटवर मोफत मिळतं. व्यवस्थापन, इमारत, संग्रह आणि कपाटं-मांडण्या या चार अंगांनी ती तुम्हाला तुमच्याच भांडाराची तपासणी करायला लावते. इंग्रजी आहे, पण सोपं आहे. मला एका जागी बसून इतकं उपयोगी दुसरं काही शिकायला मिळालेलं नाही.

प्रत्यक्ष संवर्धन मात्र वाचून करू नका. चिंच लावून पितळी मूर्ती चकचकीत करणं, फाटलेल्या पोथीला चिकटपट्टी लावणं, कागद लॅमिनेट करणं हे सगळं चांगल्या हेतूने होतं आणि वस्तू कायमची बिघडते. तुमच्या हातात प्रतिबंध आहे: पावसाळ्यात कपाटं भिंतीपासून लांब ठेवणं, आर्द्रतामापक लावून रोज नोंद ठेवणं, कसर-वाळवी दर आठवड्याला तपासणं, कापड आणि कागदावरचा उजेड ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आत ठेवणं. बुरशी आलेली वस्तू लगेच वेगळी काढा आणि मग जाणकारांना विचारा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातच कला संवर्धन केंद्र आहे, लखनौला १९७६ पासून राष्ट्रीय संवर्धन प्रयोगशाळा आहे.

कार्यशाळा निवडताना एवढंच विचारा की वस्तू हाताळायला मिळणार का. दिवसभर स्लाइड बघून मिळालेल्या प्रमाणपत्रापेक्षा एक दुपार पोथी उचलायला, गुंडाळायला, खोक्यात ठेवायला शिकणं मोलाचं. जाताना आपल्या भांडाराचे फोटो न्या आणि तज्ज्ञांना तेच दाखवून प्रश्न विचारा. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांकडे प्रवासखर्च मागायला संकोच करू नका. अर्जासोबत कोणत्या वस्तूंना धोका आहे त्याची यादी जोडा. आणि गावात जो रजिस्टर समजून घेईल असा एखादा तरुण सापडला, तर त्याला आतापासूनच सोबत घ्या.