चॅनेल भरले, तरी संवाद का होत नाही? : वॉकीटॉकीविषयी वाचकांची प्रश्नोत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सूर एकच आहे : चॅनेल भरले, आकडा पडद्यावर दिसतो, पण हँडसेट बोलत नाही. चॅनेल म्हणजे केवळ एक आकडा, ही समजूत या तक्रारीच्या मुळाशी असते. प्रत्यक्षात ऐकण्याची फ्रिक्वेन्सी, बोलण्याची फ्रिक्वेन्सी, दोन्ही बाजूंचे टोन (बोलण्यासोबत जाणारी, समोरचा स्पीकर उघडणारी खूण), बँडची रुंदी आणि प्रक्षेपणाची शक्ती एवढ्या गोष्टी एका चॅनेलच्या पोटात असतात. त्यांतली एक चुकली तरी बाकीच्या बरोबर असून उपयोग नसतो.

प्रश्न : मी जुळे सोलापुरात राहतो आणि मला नुकताच हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना मिळाला आहे. बाओफेंग यूव्ही-५आर हँडसेटवर रिपीटरचे (आपले बोलणे उचलून दूरवर पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्राचे) चॅनेल बटणे दाबून भरले. इतरांचे बोलणे स्वच्छ ऐकू येते, पण माझी हाक रिपीटर उचलत नाही. तीच फ्रिक्वेन्सी व्हीएफओमध्ये, म्हणजे साठवलेले चॅनेल न वापरता थेट आकडा टाकून, लावली, तर सगळे सुरळीत चालते. दोष कुठे असावा?

उत्तर : व्हीएफओमध्ये संवाद होतो, हे आपण लिहिलेत ते फार चांगले केलेत, कारण त्यामुळे अँटेना, बॅटरी आणि अंतर या तिन्ही शंका एकदम निकालात निघतात. दोष साठवण्यात आहे.

रिपीटर एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि दुसरीवर बोलतो. दोन मीटर बँडमध्ये (१४४ ते १४६ मेगाहर्ट्झ) या दोहोंतले अंतर साधारणपणे ६०० किलोहर्ट्झ असते. आपला हँडसेट एका चॅनेलचे दोन कप्पे मानतो. पहिल्यांदा साठवताना फक्त ऐकण्याची फ्रिक्वेन्सी आत जाते, आणि दुसरा कप्पा भरला नाही तर हँडसेट ऐकण्याच्याच फ्रिक्वेन्सीवर बोलू लागतो. म्हणजे रिपीटर जिथून बोलतो तिथेच आपण हाका मारत आहात, आणि त्याचा कान भलतीकडेच आहे.

केवळ उदाहरणासाठी समजू, की रिपीटर १४५.७५० मेगाहर्ट्झवर बोलतो आणि १४५.१५० वर ऐकतो. हँडसेट व्हीएफओमध्ये घ्यावा आणि पडद्यावरची वरची ओळ निवडावी, कारण खालच्या ओळीवरून केलेली साठवण या हँडसेटमध्ये नीट होत नाही. मेनू ७ मधून दुहेरी श्रवण बंद करावे, आणि मेनू २८ मधून त्या क्रमांकावरचे जुने चॅनेल पुसावे, कारण भरलेल्या क्रमांकावर पुन्हा भरताना जुनी माहिती मागे राहते. मेनू २५ मधील, ऐकण्या-बोलण्याच्या फ्रिक्वेन्सींतल्या अंतराची दिशा बंद ठेवावी. मग १४५.७५० हा आकडा टाकून मेनू १३ मध्ये रिपीटरला लागणारा टोन निवडावा आणि मेनू २७ मधून हव्या त्या क्रमांकावर साठवावे. बाहेर येऊन १४५.१५० टाकावे, आणि पुन्हा मेनू २७ मधून त्याच क्रमांकावर साठवावे. ही दुसरी साठवण बहुतेकांकडून राहून जाते.

आता चॅनेल लावून, आपली कॉलसाइन (परवान्यासोबत मिळालेले ओळखचिन्ह) सांगत, क्षणभर पीटीटी, म्हणजे बोलण्याचे बटण, दाबून पाहा. पडद्यावरचा आकडा १४५.१५० असा बदलला पाहिजे. तो बदलला आणि तरीही रिपीटर गप्प राहिला, तर टोन तपासावा. टोन मेनू १३ ऐवजी ऐकण्याच्या टोनच्या मेनू ११ मध्ये टाकला गेला, तर तो बोलताना जातच नाही, उलट आपलेच ऐकणे बंद करू शकतो. त्यामुळे पहिल्या चाचणीला मेनू ११ बंदच असू द्यावा.

प्रश्न : मी बार्शीचा विद्यार्थी आहे. केबल जोडून, संगणकावरून हँडसेटमध्ये चॅनेल भरणारे चर्प सॉफ्टवेअर सुरू केले, की रेडिओने प्रतिसाद दिला नाही असा संदेश येतो. संगणक बदलला, तरी तेच.

उत्तर : आधी संगणकाला केबल दिसते का ते पाहावे, हँडसेटचा विचार नंतर. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या यादीत केबलच्या नावावर पिवळा त्रिकोण असेल, तर दोष ड्रायव्हरचा आहे. स्वस्त केबलींमध्ये प्रोलिफिक चिपची नक्कल किंवा जुनी आवृत्ती असते आणि कंपनीचा नवा ड्रायव्हर ती नाकारतो. जुना ड्रायव्हर निवडल्यास काम होते. मात्र वारंवार हा खटाटोप करण्यापेक्षा एफटीडीआय किंवा सीएच३४० चिपची केबल घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

त्रिकोण नसेल आणि चर्पमध्ये पोर्टही बरोबर निवडला असेल, तर दोन पिनांचा प्लग हँडसेटमध्ये पूर्ण बसलेला नाही असे समजावे. तो बसल्यासारखा दिसतो, पण हँडसेटच्या कडेला अडून किंचित बाहेर राहतो. जोर लावून, टक् असा आवाज येईपर्यंत दाबावा. माझ्या एका केबलच्या प्लगचे प्लॅस्टिक मला ब्लेडने तासावे लागले होते, तेव्हा कुठे ती चालू झाली.

संपर्क झाल्यावर आधी हँडसेटमधील माहिती संगणकावर उतरवून घ्यावी आणि तिची एक प्रत हात न लावता जपून ठेवावी. बदल त्याच हँडसेटमधून आलेल्या फाइलमध्ये करावेत. मित्राच्या हँडसेटची फाइल आपल्या हँडसेटमध्ये थेट भरू नये, कारण बाहेरून जुळ्या दिसणाऱ्या हँडसेटांचे फर्मवेअर, म्हणजे आतले मूळ सॉफ्टवेअर, वेगळे असू शकते.

प्रश्न : दोन हँडसेटांमध्ये संवाद होतो, पण एकाचा आवाज दबका येतो आणि दुसऱ्याचा फाटतो. (मंगळवेढा)

उत्तर : एक हँडसेट रुंद आणि दुसरा अरुंद बँडवर आहे. यूव्ही-५आरमध्ये ही निवड मेनू ५ मध्ये असते. दोन्हीकडे सारखी निवड करून चॅनेल पुन्हा साठवावे.

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत माझा टॉवेलचा कारखाना आहे. सोळा चॅनेलचे, पडदा नसलेले चार हँडसेट होते, आता ऑनलाइन आणखी दोन मागवले. सर्वांचा नॉब ३ वर ठेवला, तरी नवे हँडसेट जुन्यांशी बोलत नाहीत. शिवाय माग चालू असताना चॅनेल सतत अडलेले असते.

उत्तर : नॉबवरचा ३ हा आकडा म्हणजे नुसता घर क्रमांक आहे. गल्ली तीच असेल, याची हमी तो देत नाही. जुन्या हँडसेटांत तिसऱ्या चॅनेलवर एक फ्रिक्वेन्सी असेल आणि नव्यांत दुसरी. फ्रिक्वेन्सी जुळली, तरी टोन वेगळा असल्यास समोरचा स्पीकर उघडत नाही, आणि टोनऐवजी डिजिटल कोड वापरला असल्यास त्याचा सरळ किंवा उलटा प्रकारही जुळावा लागतो. पडदा नसलेल्या हँडसेटची माहिती बहुधा संगणकावरच वाचता येते. तेव्हा एक जुना आणि एक नवा हँडसेट वाचून दोन्हींच्या तिसऱ्या ओळी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

जुळवण्याआधी मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. भारतात वॉकीटॉकीसाठी विनापरवाना वापराची सवलत ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या बँडला आहे आणि तीही ठरवून दिलेल्या कमी शक्तीच्या, उपकरण-प्रकार मंजुरी मिळालेल्या हँडसेटांनाच आहे. या मंजुरीचा उल्लेख न करता ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकीटॉकींवर २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोटिसा काढल्या होत्या. जास्त शक्तीच्या हँडसेटमध्ये ४४६ चा आकडा भरला, म्हणून तो या सवलतीत बसत नाही. आपल्या सहाही हँडसेटांची मंजुरी विक्रेत्याकडून लेखी मागवावी. ती मिळत नसेल, तर मी त्यांचे चॅनेल जुळवून देण्याच्या भरीस पडणार नाही, आपणही पडू नये.

पुढे कळफलक असलेला मंजूर हँडसेट घेतल्यास एक खाचखळगा ध्यानात असू द्या. या बँडवर रूढ असलेले पहिले चॅनेल ४४६.००६२५ आहे आणि पुढची चॅनेले १२.५ किलोहर्ट्झच्या अंतराने येतात. हँडसेटची पायरी (फ्रिक्वेन्सी ज्या टप्प्यांनी पुढे सरकते ती) ५ किलोहर्ट्झवर असेल, तर आपण ४४६.००६ टाकले तरी तो मुकाट्याने ४४६.००५ घेतो. पायरी ६.२५ वर ठेवली, की आकडा बरोबर बसतो.

चॅनेल अडून राहते त्याला कारण वेगळे आहे. एखाद्या हँडसेटवर व्हॉक्स, म्हणजे आवाज ऐकताच आपोआप प्रक्षेपण सुरू करणारी सोय, चालू असणार. मागांचा खडखडाट हाच तिला माणसाचा आवाज वाटतो, आणि तो हँडसेट पाळी संपेपर्यंत बोलत राहतो. सहाही हँडसेटांवरील व्हॉक्स बंद करावा आणि पीटीटी अडकली तर प्रक्षेपण थांबावे, म्हणून वेळमर्यादा एका मिनिटावर ठेवावी. कामगारांना ऐकू येत नाही, यावर आवाज वाढवण्यापेक्षा कानात बसणारा इअरफोन बरा.

प्रश्न : पोलिसांची आणि रेल्वेची फ्रिक्वेन्सी चॅनेलमध्ये कशी भरावी?

उत्तर : भरू नये. या सदरातून ती माहिती मिळणार नाही.

प्रश्न : सिद्धेश्वर यात्रेत आमचे मंडळ स्वयंसेवकांना वॉकीटॉकी देते. यंदा एका हँडसेटवर चॅनेलला ‘होम मैदान’ असे नाव द्यायला गेलो, ते जमेना म्हणून मेनूतून रीसेट केले. आता चॅनेले गेली आणि हँडसेट चिनी भाषेत बोलतो. आमच्यातल्या एकाकडे हॅमचा परवाना आहे, त्याच्या फ्रिक्वेन्सीवर सर्वांनी बोलले तर चालेल का?

उत्तर : आपल्या वर्णनावरून हा यूव्ही-५आर किंवा त्याचाच भाऊबंद दिसतो. त्याच्या मेनू ४० मध्ये रीसेटचे दोन पर्याय आहेत, त्यांतला दुसरा सर्व चॅनेले पुसून टाकतो. भाषा मेनू १४ मधून पुन्हा इंग्रजी करता येते, पण चॅनेले पुन्हाच भरावी लागतात. मूळ यूव्ही-५आरवर चॅनेलचे नाव बटणांनी देता येत नाही, ते संगणकावरूनच द्यावे लागते आणि तेही रोमन अक्षरांत.

परवानाधारकाच्या फ्रिक्वेन्सीविषयी उत्तर नकारार्थी आहे. हॅमचा परवाना त्या व्यक्तीपुरता असतो. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर परवाना नसलेल्या स्वयंसेवकांनी गर्दीचे नियोजन करणे त्यात बसत नाही, आणि मित्राचा परवानाही त्यामुळे अडचणीत येईल. मंडळाने वर सांगितलेले मंजूर, कमी शक्तीचे हँडसेट घ्यावेत. ते भाड्याने आणले, तर चॅनेल आणि टोन दोन्ही सर्व हँडसेटांवर एकत्र बसून लावावेत, आणि मिरवणुकीच्या दोन दिवस आधी एकाने मंदिराजवळ उभे राहून दुसऱ्याने नंदीध्वजांच्या मार्गावरून चालत जावे. कमी शक्तीचा हँडसेट गल्लीबोळात कुठे तुटतो ते तेव्हाच कळेल, आणि त्या वळणावर निरोप पुढे सांगायला एक स्वयंसेवक उभा करता येईल.