वाचकांचे प्रश्न: चढ, पाऊस आणि इलेक्ट्रिक सायकल

मी फोंड्याला राहते, नोकरी फर्मागुडीला. अंतर तीन-चार किलोमीटरच आहे, पण बसची वाट बघण्यात सगळा वेळ जातो. इलेक्ट्रिक सायकल घ्यावी म्हणते, तर घरातून सूर आहे की चढावर दम निघेल, स्कूटरच घे. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, खाली पार्किंगमध्ये प्लग नाही. दुकानदार 40 किलोमीटर रेंज सांगतो, खरी असते का? (फोंडा)

ताई, रेंजचं टेन्शन तुम्हाला कशाला? जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर. बॅटरीवर 36 व्होल्ट आणि 7.5 एएच लिहिलं असेल तर गुणाकार करा, 270 वॅट-तास येतात, तेवढी वीज बॅटरीत मावते. पाय मारत चालवली तर किलोमीटरला दहाएक वॅट-तास जातात, नुसता थ्रॉटल पिळत बसलात तर पंधरा-वीस, म्हणजे 40 नाही पण थ्रॉटलवरसुद्धा पंधराच्या आसपास मिळतील, आणि रोज चार्ज केली तरी तुमचं फार तर पाव युनिट जळणार.

तुमचा खरा प्रश्न चढाचा आहे. तुम्ही, सायकल, पर्स आणि डबा मिळून 90 किलो धरू. 100 मीटरला 8 मीटर चढ असेल आणि ताशी 12 च्या स्पीडने जायचं असेल तर साधारण 260 वॅट लागतात. बिनलायसन्सच्या सायकलची मोटर 250 च्या आतली, म्हणजे नुसत्या मोटरवर ती धापा टाकणार, स्पीड पडला की मोटर तापते आणि बॅटरी भराभर उतरते. पण तुम्ही थोडे पाय मारलेत, सपाटीवर निवांत मारतो तेवढेच, तर काम होऊन जातं. म्हणून मागे गिअर असलेलीच घ्या, आणि हब मोटर, म्हणजे चाकाच्या मधोमध बसवलेली मोटर, घेणार असाल तर आतमध्ये गिअर असलेली मागा, चढाला ती बरी. पेडलजवळ बसवलेली मिड-ड्राइव्ह सगळ्यात चांगली, पण खिसा बघून. आणि ट्रायल दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर घेऊ नका, दुकानदार तोंड वाकडं करेल, करू दे, फर्मागुडीच्या चढावर डब्यासकट घ्या.

संध्याकाळी तोच चढ उतार होतो, तेव्हा डिस्क ब्रेक दोन्ही चाकांना हवेत. उतारावर बॅटरी चार्ज होते असं कोणी सांगितलं तर हसून सोडा, गिअरवाल्या हब मोटरमध्ये उतारावर चाक मोकळं फिरतं, चार्ज होत नाही.

आता स्कूटर की सायकल, याचा निकाल तुमचा प्लगच लावतो. सायकलची बॅटरी दोन-तीन किलोची, काढून पिशवीतून वर न्यायची. बऱ्याच स्कूटरची बॅटरी आत फिक्स असते, मग सोसायटीची परवानगी काढा, मीटरवरून वायर ओढा, सेक्रेटरीच्या मागे लागा. रोज मागे कोणाला बसवायचं असेल तर मात्र स्कूटरला पर्याय नाही. स्वस्तातली लेड-ॲसिड बॅटरीची सायकल घेऊ नका, ती बॅटरी जिन्यावरून चढवताना कंबर जाईल. आणि चार्जिंग रात्री झोपताना दाराजवळ लावून ठेवू नका, जागे असताना लावा, बाहेर पडायची वाट मोकळी ठेवा.

बेतीहून फेरीने पणजीला जातो. पावसात आणि खाऱ्या हवेत ही सायकल टिकेल का? (बेती)

टिकते, पण साध्या सायकलीपेक्षा लाड जास्त. बॅटरीला आयपी67 रेटिंग बघा, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही, कंट्रोलर (मोटरला वीज सोडणारा डबा) आणि कनेक्टर कुठे बसवलेत तेही बघा, खाली उघडे असतील तर नको. प्रेशर पंप मारून धुवायची नाही, ओल्या फडक्याने पुसा, चेनला तेल द्या, जून-जुलैत तर आठवड्याला. भिजून आल्यावर बॅटरीचा सॉकेट कोरडा करून मगच चार्जर लावायचा. फेरीत मात्र स्टँडवर सोडून मोबाईल बघत उभे राहू नका, धक्क्याला लागताना जो हिसका बसतो त्यात सायकल आडवी पडते. आणि टायरचा साइज नेहमीचा असू द्या, मागच्या चाकात मोटर असली की आपल्या पंक्चरवाल्याला आधी वायरचा प्लग काढावा लागतो, तो कुठे असतो ते घेतानाच शिकून घ्या.

चवथीच्या ऑफरमध्ये एक स्कूटर बघितली, दुकानदार म्हणतो लायसन्स, नंबर प्लेट काही नको, तरी 45 ने पळते. घेऊ का? (म्हापसा)

नको. सूट फक्त 250 वॅटच्या आतली मोटर आणि ताशी 25 च्या आतला स्पीड असेल तरच, बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत आणि मॉडेलला टेस्टिंग एजन्सीचं सर्टिफिकेट हवं. 45 ने पळते म्हणजे कायद्याने ती मोटर वाहनच झाली, तिला रजिस्ट्रेशन, लायसन्स, इन्शुरन्स, हेल्मेट सगळं लागतं. कुठे ठोकलं तर समोरच्याची भरपाई तुमच्या खिशातून, तेव्हा दुकानदार फोनसुद्धा उचलणार नाही. सर्टिफिकेटची कॉपी मागा, देत नसेल तर ऑफर त्यालाच लखलाभ.